पाठवणीचे गणपती : तासगाव, सांगली, मिरज

गणपती बघायला लोक पुण्या-मुंबईला येतात. मी पुण्याहून उलट्या दिशेला निघाले. सांगली जिल्ह्यात एकाच भाद्रपदात गणपती दीड दिवसानं जातो, पाचव्या दिवशी जातो, गौरीबरोबर जातो आणि अनंत चतुर्दशीलाही जातो, आणि प्रत्येक ठिकाणी जायची तऱ्हा निराळी. बसवायची पद्धत थोड्याफार फरकानं सगळीकडे सारखीच असते. घराचा आणि गावाचा स्वभाव कळतो तो पाठवणीत, असं माझं बऱ्याच दिवसांचं मत. शिवाय तासगावला आत्या, सांगलीला चुलतभाऊ, म्हणजे राहण्याजेवणाची ददात नाही.

चतुर्थी, तासगाव

आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो. गुरुजींना सकाळपासून घरं धरलेली, ते येणार दुपारी दोनला. तेवढा वेळ थांबायची मामांची तयारी नव्हती. त्यांनी मोबाइलवर पूजा लावली, चष्मा नाकावर सरकवला आणि पळीपंचपात्र घेऊन बसले. मधेच कुणाचा तरी फोन आला आणि प्राणप्रतिष्ठा अर्ध्यात थांबली. आत्या म्हणाली, "देवाला होल्डवर ठेवलंत की हो!"

मूर्ती शाडूची, वीतभर. घरच्या पूजेतला गणपती पार्थिवच हवा, म्हणजे मातीचा, असा आत्याचा हट्ट. देवघरातला पितळी गणपती बारा महिने असतोच. त्याला ना आणायचं असतं ना पोचवायचं. या मातीच्या मूर्तीत मात्र मंत्रानं प्राण बोलवायचे, तिला न्हाऊमाखू घालायचं, जेवू घालायचं, आणि ठरल्या दिवशी प्राण परत पाठवून माती पाण्याच्या हवाली करायची. सगळं व्रत या येण्याजाण्यावर उभं आहे. म्हणून मूर्ती टिकाऊ असण्यात काही हशील नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीवर पर्यावरणाच्या अंगानं पुष्कळ बोललं जातं, ते खरंच आहे. पण जी मूर्ती विरघळत नाही तिची पाठवणी पुरी कशी व्हायची, हा प्रश्न मला जास्त छळतो.

पत्रीची मात्र बाजारात पार रया गेलेली. शास्त्रात एकवीस पानं सांगितली आहेत : माका, बेल, दूर्वा, धोत्रा, शमी, आघाडा, डोरली, रुई, अर्जुन, डाळिंब, मरवा, केवडा अशी. त्यात तुळसही आहे. एरवी गणपतीला तुळस वाहत नाहीत, या एका दिवशी चालते. पेठेतल्या जुडीत आघाडा सोडून ओळखीचं काही नव्हतं. कुंपणाची मेंदी सर्रास घातलेली. आत्यानं ती जुडी बाजूला ठेवली आणि परसातून, शेजारच्या वाड्यातून आणि ओढ्याच्या काठावरून जमतील तेवढी पानं गोळा केली. चौदा भरली. उरलेल्या पानांच्या जागी अक्षता.

मोदक तळणीचे. खोबऱ्याच्या किसात खसखस आणि गूळ. उकडीचे मोदक मला आवडतात, पण देशावर आल्यावर त्यांचं कौतुक सांगू नये हे मी लहानपणीच शिकले आहे.

संध्याकाळी देवळात गेलो. तासगावच्या गणपती मंदिरासमोर पहिल्यांदा उभं राहणारा माणूस थोडा गोंधळतो, कारण दारात सात मजली गोपुर आहे, थेट दक्षिणेतलं. परशुरामभाऊ पटवर्धनांनी हे देऊळ बांधून पुरं केलं ते 1779 मध्ये. पेशव्यांचा हा सरदार कर्नाटकाच्या मोहिमांवर वर्षानुवर्षं होता, पुढं टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणापर्यंतही जाऊन आला. तिकडची देवळं डोळ्यांत भरली आणि कृष्णाखोऱ्यात गोपुर उभं राहिलं. आतला गणपती उजव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, असं म्हणून घरात ठेवायला लोक बिचकतात. तासगावकरांनी तो गावाचाच करून टाकला.

देवळापुढे रथ सजवत होते. केळीचे खुंट चढवले होते, दोरखंड रस्त्यावर पसरून ठेवलेले, आणि पोरं त्यावर आत्ताच हात ठेवून बघत होती.

ऋषिपंचमी, रथाचा दिवस

सकाळी स्वयंपाकघरात ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं आज काही खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य वर्ज्य. परसातलं, वेलावरचं, हातानं लावलेलं तेवढं चालतं. अळू, लाल माठ, सुरण, भेंडी, पडवळ, दोडका, तांबडा भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, आणि आंबटपणाला चिंच. फोडणी नाही. सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा करून आत्यानं ती वाढली. या व्रताला जोडलेली विटाळाची कहाणी मला पटत नाही आणि आत्यालाही फारशी पटत असेल असं वाटत नाही, कारण ती वाचताना नेमका तेवढा भाग ती भरभर उरकते. पण बैलाला एक दिवस ताटातूनही सुट्टी देण्याची कल्पना फार चांगली आहे.

आणि गंमत अशी की त्याच दिवशी तासगावचा रथ निघतो, तोही बैलाशिवाय. माणसं ओढतात. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं कुणी सांगितलेलं नाही, माझ्याच डोक्यात तो दिवसभर घोळत राहिला.

दुपारी ऊन चांगलंच तापलं होतं. रथ लाकडी, मजल्यांचा. देव आत बसले, आरती झाली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दोरखंडाला हात लागायला सुरुवात झाली. हात म्हणजे हजारो. मधे जागा मिळेना तेव्हा माणसं पुढच्याच्या खांद्यावरून हात घालून दोराला नुसती बोटं टेकवत होती. "मोरया, मोरया" असा पुकारा मागून पुढे गेला, दोर ताठ झाले, आणि रथ क्षणभर काहीच करेना. मग कुरकुरला. मग हलला. तो पहिला हिसका बघायला तासभर उन्हात उभं राहायला माझी कधीही हरकत नाही.

ओढणारे सगळ्यांना दिसतात, पण रथ खरा चालवतात ते चाकांपाशी वाकलेले लोक. हातात लाकडी ठोकळे. रथ डावीकडे कलला की ठोकळा सरकवायचा, वळण आलं की वेळेवर काढायचा. त्यांच्या तोंडून मोरया निघत नव्हता. नजर चाकावर आणि एकमेकांना नुसत्या खुणा. वरून गुलाल आणि पेढे, आणि घराघरांतून रथाला बांधायला नारळाची तोरणं येत होती. काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत रथ जातो, तिथं जवळच्या ओढ्यावर पार्थिव गणपतीचं विसर्जन होतं, आणि रथ परत देवळाशी येतो. गणपती दीड दिवसाचा.

टिळकांनी 1893 मध्ये गणेशोत्सव सार्वजनिक केला हे आपण शाळेत शिकतो. तासगावात तेव्हा हा रथ शंभरावर वर्षं रस्त्यावरून ओढला जात होता. टिळकांचं श्रेय यानं कमी होत नाही. त्यांनी उत्सवाला सभा, व्याख्यानं आणि राजकारण दिलं. पण सगळ्या गावानं एका दोराला हात लावायचा, ही गोष्ट पटवर्धनांच्या या गावाला तोवर सवयीची झालेली होती.

"दीडच दिवस का?" असं मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "पाहुणा दीड दिवसाचाच गोड. तिसऱ्या दिवशी यजमान घड्याळ बघायला लागतो." हे माझ्यासाठी होतं की गणपतीसाठी, ते विचारायचं मी टाळलं.

रथ परतल्यावर घरच्या गणपतीची उत्तरपूजा. एवढीशी पूजा, पाच-दहा मिनिटांची, पण सगळ्या सणाचा अर्थ तिच्यात आहे. गंध, फूल, धूप, दीप, दहीपोह्यांचा नैवेद्य. मग मामांनी अक्षता घेतल्या आणि मंत्र म्हटला : "यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्। इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च॥" सगळे देव ही पूजा घेऊन आता जावोत, आणि परत येण्यासाठी जावोत. अक्षता मूर्तीवर टाकल्या आणि दोन्ही हातांनी मूर्ती पाटावर किंचित सरकवली. बोटभरच. तेवढ्यानं देव उठला, आता ती मूर्ती म्हणजे माती. आत्यानं मूर्तीच्या हातावर दही ठेवलं, परगावी निघालेल्या माणसाच्या हातावर ठेवतात तसं.

परसात मोठ्या घंगाळात पाणी भरून ठेवलं होतं. मामांनी मूर्ती तीनदा खालीवर केली आणि सोडली. शाडू विरघळायला वेळ लागतो. आधी रंग सुटला, मग कान गेले, सोंड बराच वेळ राहिली. शेजारच्या घरातलं पोरगं घंगाळाशी उकिडवं बसून दर थोड्या वेळानं बातमी देत होतं : "अजून पोट हाय." सकाळी पाणी गढूळ आणि तळाशी गाळ. त्यातली मूठभर माती पाटावर ठेवून आत्यानं तिला हळदकुंकू वाहिलं आणि बाकीची डाळिंबाच्या बुडाशी ओतली.

षष्ठी, तासगाव ते सांगली

तासाभराचा एसटीचा प्रवास. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, छाटणीच्या आधीच्या, पानं जून झालेल्या. बेदाण्याची शीतगृहं. शेजारच्या आजोबांनी बेदाण्याच्या भावावरून सरकारला सांगलीपर्यंत धारेवर धरलं.

सांगलीत चुलतभावाकडं पिशवी टाकून आधी गणपती मंदिर. थोरले चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन 1801 मध्ये मिरजेतून वेगळे झाले आणि सांगलीला त्यांनी राजधानी केली. हे देऊळ त्यांचं. काळ्या दगडातलं पंचायतन आहे : मधे गणपती आणि त्याच्या भोवतीनं सूर्यनारायण, चिंतामणेश्वर, चिंतामणेश्वरी आणि लक्ष्मीनारायण. कृष्णेच्या इतकं जवळ की पुराच्या वर्षी देवाच्या आधी पाण्याची चौकशी करावी लागते.

इथं चोरगणपती बसतो. चतुर्थीच्या आधी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, वाजतगाजत नाही की काही नाही, पहाटे गुपचूप. सांगलीकर त्याला चोरपावलांनी आलेला म्हणतात. त्याचं विसर्जनही नाही. मूर्ती उत्सव झाल्यावर जपून ठेवतात. माझ्या पाठवण्यांच्या यादीत न जाणारा गणपती निघाला तो हा एकच.

सप्तमी, गौरी येतात

अनुराधा नक्षत्रावर गौरी आणायच्या, ज्येष्ठेवर पूजायच्या, मूळ नक्षत्रावर बोळवायच्या. तिथीपेक्षा नक्षत्राला मान, म्हणून गौरींचे दिवस दरवर्षी थोडे पुढंमागं होतात. वहिनी माहेरची कोल्हापूरकडची. तिच्या घरी तेरड्याची गौर, पाणवठ्यावरून तांब्यात घालून आणतात. इथं सासरी मुखवट्यांच्या. आमच्या चुलत घराण्याच्या दुसऱ्या शाखेत खड्यांच्या, नदीतले सात खडे आणून पुजतात. एका गल्लीत तिन्ही पद्धती आणि प्रत्येकीची मालकीण आपलीच खरी म्हणणारी.

दारातून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं. गौर घेणारी वहिनी, ताट-चमचा वाजवणारी पुतणी, आणि विचारणारी मी.

"गौर आली, कशाच्या पावलानं आली?"

"सोन्यारुप्याच्या पावलानं आली."

मग घर दाखवायचं. ही धान्याची कोठी, ही तिजोरी, हे स्वयंपाकघर. पुतणीनं वायफायचा डबाही दाखवला. आल्या दिवशी गौरीला साधं जेवण, वडी-भाकरी आणि शेपूची भाजी. माहेरवाशीण दमून आलेली असते, तिला पहिल्याच ताटाला पुरण नको, ही समज ज्या बाईनं पहिल्यांदा दाखवली तिला माझा नमस्कार.

अष्टमी, राजवाड्याचा गणपती निघतो

सकाळी गौरीपूजन, पुरणपोळी, सोळा भाज्या. सोळा भाज्यांविषयी लिहीत नाही, कारण त्यातल्या नऊ मी चिरल्या आहेत.

दुपारी राजवाड्यावर. सांगली संस्थानचा गणपती दरबार हॉलमध्ये बसतो आणि पाचव्या दिवशी जातो. संस्थानं जाऊन पाऊणशे वर्षं झाली तरी या दुपारी सांगलीची दुकानं गणपती पेठेकडं तोंड करून बसलेली असतात. मिरवणुकीचा थाट शिस्तीचा. पुढं वाद्यं, झांजपथकं, लेझीम, मग रथ. गच्च्या भरलेल्या, आणि वरून रथावर पेढ्यांची उधळण. खाली एकानं छत्री उलटी धरली होती. अर्ध्या तासात तिच्यात पावशेर तरी पेढे असावेत.

तासगावशी मनातल्या मनात ताडून बघत होते. तिथं गावानं देवाला ओढून नेलं होतं. इथं देव आपल्या चालीनं निघाला होता आणि गाव कडेला उभं राहून निरोप देत होतं. दोन्ही गावं पटवर्धनांचीच. दोरखंडाला हात लागल्याशिवाय पाठवणी झाल्यासारखी वाटत नाही, हा तासगावच्या दुपारचा परिणाम. माझा कौल तासगावला. भावाला हे सांगितलं तर त्यानं मला रात्रीचा भडंग दिला नाही.

टिळक चौकातून मिरवणूक सरकारी घाटावर पोचेपर्यंत दिवस कलला होता. आरती झाली आणि मूर्ती कृष्णेत गेली. आयर्विन पुलावर माणसांची भिंत. हा 1929 सालचा पूल सांगलीला पुराची उंची सांगतो : पाणी चाळीस फुटांवर आलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांवर गेलं होतं. त्या वर्षी गणपती पूर ओसरल्यावर थोड्याच दिवसांत आले. भाऊ म्हणाला, भिंती ओल्या होत्या, टेबल फुगलेलं, म्हणून विटांवर फळी टाकून बसवला, पण बसवला. विसर्जनाला त्याच नदीवर जायचं म्हणून वहिनीचे पाय उचलेनात, तेव्हा तिच्या सासूबाईंनी नदीची खणानारळानं ओटी भरली आणि मग सगळे घाट उतरले.

नवमी, गौरी जातात

मूळ नक्षत्र संध्याकाळपर्यंत होतं, त्यामुळे घाई नव्हती. सकाळी हळदीत भिजवलेले दोरे बायकांनी घेतले. नैवेद्याला गव्हल्यांची खीर आणि मुरडीचा कानवला, कड घालून मुरडलेला. जाणारीनं वाटेतून मुरडून परत यावं म्हणून. लेकीलाही सासरी जाताना हाच कानवला देतात. मुखवटे हलवले, साड्या उतरवल्या, घड्या घातल्या, आणि घरचा गणपती गौरींबरोबर निघाला.

घाटावर महापालिकेनं कुंड ठेवले होते, निर्माल्याला वेगळी जागा. एक कार्यकर्ता प्रत्येकाला मूर्ती कुंडात सोडायला सांगत होता. भावानं कुंडात सोडली. मागच्या काकूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि सरळ नदीत उतरल्या. त्यांच्या हातात शाडूचीच मूर्ती होती, तेव्हा मी तरी काय बोलणार? परतताना पाटावर थोडी वाळू घेतली. रिकामा पाट घरी नेत नाहीत.

दशमी, गोटखिंडी

वाळवा तालुक्यातलं हे गाव बघायचंच होतं. इथं गणपती मशिदीत बसतो. गावकरी सांगतात, फार वर्षांपूर्वी उघड्यावरच्या मूर्तीवर जोराचा पाऊस आला, आणि मुसलमान शेजाऱ्यांनीच ती मशिदीत आणून ठेवायला सांगितलं. पुढं तीच रीत झाली. आता चाळीस वर्षांहून जास्त काळ दरवर्षी मूर्ती तिथं बसते. बकरी ईद गणपतीत आली त्या वर्षी कुर्बानी न करता नुसती नमाज झाली. मी गेले तेव्हा आरतीला दोन्हीकडची मंडळी होती आणि प्रसाद कुणी करायचा यावर लटका वाद चालू होता. तिथल्या एका चाचांना मी नवलानं काहीबाही विचारत होते. ते म्हणाले, "ताई, पेपरवाले येतात तेव्हाच आम्हाला कळतं की ह्यात काही विशेष हाय."

अनंत चतुर्दशी, मिरज

मधले दिवस भावाच्या घरी लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चतुर्दशीला सकाळी वहिनीच्या आईकडं अनंताची पूजा. दर्भाचा सात फण्यांचा शेष, यमुनेचा कलश आणि चौदा गाठींचा दोरा. वर्षभर जपलेला जुना दोरा काढायचा, नवा बांधायचा. व्रत चौदा वर्षांचं. बाहेर ज्या दिवशी अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर असतो त्या दिवशी घरात ही शांत विष्णुपूजा चाललेली असते, आणि पुष्कळांना चतुर्दशीला 'अनंत' का म्हणतात याचा पत्ता नसतो.

दुपारपासून मिरजेत. मिरजेची ओळख मिरवणुकीइतकीच तिच्या कमानींची आहे. मार्गावर ठिकठिकाणी संघटनांच्या, पक्षांच्या उंच स्वागत कमानी, आणि त्यांखालून एकेक मंडळ गणेश तलावाकडं सरकतं. सरकतं म्हणजे तासाला दोन चौक. संध्याकाळी ढोल होते, बेंजो होता, एका मंडळाचं टाळांचं भजन होतं आणि ते फार सुरेख होतं. रात्री साउंड सिस्टिम आल्या. सतारमेकरांच्या गल्लीवरून जाताना बंद दुकानांची फळकुटं थरथरत होती. आत तंबोरे आणि सतारी टांगलेल्या. याच वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जोरात वाजवलं म्हणजे देवाला जास्त ऐकू जातं असा हिशेब असेल, तर सुरांच्या गावानं तो मांडू नये, एवढंच माझं म्हणणं. पण त्या भिंतीएवढ्या स्पीकरच्या मागं गणपतीच्या पायाशी एक पोरगा मूर्तीला हातानं धरून उभा होता, खड्ड्यात ट्रॅक्टर आदळला की दोन्ही हात पसरायचा. त्याला ना नाचायचं होतं, ना फोटो हवा होता. तो ज्या मंडळाचा होता त्याचा नंबर पहाटे चारला लागला. तराफ्यावर मूर्ती चढेपर्यंत त्याचा हात सुटला नव्हता.

तलावाकडून मी सरळ स्टेशनावर आले. दिवस उजाडला, आठ वाजून गेले, तरी ढोल ऐकू येतच होता. कोयना एक्स्प्रेसला अवकाश होता म्हणून चहा घेतला. गाड्यावरचे दोघे वाद घालत होते, अजून किती मंडळं राहिली यावर. एक म्हणत होता दहा-बारा, दुसरा म्हणत होता दुपारचे दोन वाजतील, लिहून घे. चहावाला म्हणाला, "वाजू द्या की. तेवढाच आपला धंदा."